पट अडतीस, हजर अडतीस

नवा खडू हातात आला की ती आधी तो मधोमध मोडायची. अख्खा खडू फळ्यावर किंचाळतो, असं तिचं म्हणणं. फळा वरून खाली पुसायची, आडवा कधीच नाही. चहा पार निवल्याशिवाय पीत नसे. रागावली की तिचा आवाज चढत नसे, उतरत असे. इतका, की मुलांना कान द्यावे लागत. रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या वाचायची आणि चुकीचं अक्षर दिसलं की थबकायची. पाठाच्या टाचणात प्रत्येक प्रश्नापुढे समासात मिनिटं लिहायची. तीन मिनिटं. दोन मिनिटं. एका ठिकाणी तिने लिहिलं होतं, 'मुलं हसतील : अर्धं मिनिट.'

"आणि नाही हसली तर?" अध्यापक विद्यालयातल्या एकीने विचारलं.

"तर अर्धं मिनिट वाचलं," ती म्हणाली.

तेव्हापासून तिचं नाव मोजपट्टी पडलं.

दुसऱ्या वर्षी सगळ्यांना चार महिने शाळांवर पाठवतात. तिला एक दुमजली शाळा मिळाली आणि सहावीचा वर्ग. त्या वर्गाच्या बाईंची नोकरी एकतीस वर्षांची होती. वर्गात दोन बाई झाल्यावर मुलांनी आपली सोय आपणच केली. त्या मोठ्या बाई, ही छोट्या बाई.

पहिल्या पाठाला मोठ्या बाई मागच्या बाकावर बसल्या. तिने पस्तीस मिनिटांत टाचणातलं सगळं उरकलं. एक मिनिटही इकडचं तिकडे झालं नाही. तास संपल्यावर त्या म्हणाल्या, "पाठ छान झाला. फक्त त्यात मुलं नव्हती."

"म्हणजे, बाई?"

"तू फळ्याला शिकवलंस. फळा पास झाला."

ती रडवेली झाली. बाईंनी तिला तसंच स्टाफरूममध्ये नेलं, डबा उघडला आणि अर्धा तिच्यापुढे सरकवला. "खा. मी पहिल्या पाठाला पुस्तक उलटं धरलं होतं. एका मुलाने उठून सांगितलं."

तिथून ती बाईंची झाली. कुठे उभं राहिलं की शेवटच्या बाकापर्यंत आवाज जातो, ते बाईंनी दाखवलं. न येणाऱ्याला सगळ्यांसमोर कधी विचारायचं नाही, हे सांगितलं. मूल खोटं बोलतंय हे कळलं तरी लगेच पकडायचं नाही, त्याला परत यायला वाट ठेवायची, हेही. तिचा घसा बसला तेव्हा बाई घरून थर्मासमध्ये गरम पाणी घेऊन आल्या. टाचणवहीवर रोज सही करायच्या आणि सहीखाली एक वाक्य लिहायच्या. 'आज तू दोनदा हसलीस, दोन्ही वेळा मुलांनंतर.' 'प्रश्न विचारून लगेच उत्तर देऊन टाकलंस, घाई कसली?' ती वही ती घरी आईला वाचून दाखवायची. आईला त्यातलं किती कळायचं कोण जाणे, पण शेजारणीला ती सांगायची, "आमच्या बाई आल्या बरं का शाळेतून." दादा दार उघडताना विचारायचा, "काय बाई, आज किती जणांना कोंबडा केलंत?" घरात ती बाई होऊन चुकली होती. प्रमाणपत्र तेवढं यायचं होतं.

वर्गाच्या शेवटच्या दोन बाकांवर पाच जण बसायचे. त्यांना सगळी शाळा 'मागचे पाच' म्हणायची. वाचता न येणारे. त्यांच्यात एक मुलगी होती. एका जागी टिकत नसे, म्हणून भिंगरी. दप्तर बाकावर आपटून बसायची, उठायची, खिडकीशी जायची, परत यायची. मधल्या सुटीत एकदा ती छोट्या बाईंच्या टेबलाशी आली आणि टाचणवहीकडे बघत म्हणाली, "हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"मग तुम्हाला कशाला शिकायला पाठवलंय इथे?"

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर वीस मिनिटं ती भिंगरीला वाचायला शिकवू लागली. कुणी सांगितलं नव्हतं. टाचणात त्याची जागा नव्हती. पहिले तीन आठवडे भिंगरी अक्षरांकडे बघायचीच नाही. ती छोट्या बाईंच्या ओठांकडे बघून अंदाज ठोकायची. मग छोट्या बाईंनी पुस्तकापुढे तोंडावर रुमाल धरून बसायला सुरुवात केली. भिंगरी खूप हसली. "बाई, डाकू दिसता." पण अंदाज बंद झाले. दोन महिन्यांनी भिंगरी एक परिच्छेद वाचू लागली. अडखळत, बोट ठेवून, पण शेवटपर्यंत. एकदा शेवटचा शब्द वाचून झाल्यावर तिने बोट उचललंच नाही. दाबून धरलं, शब्द पळून जाईल अशा भीतीने.

परीक्षेच्या पाठाला दीपगृहाच्या राखणदाराचा धडा आला. बाहेरून परीक्षक येणार. वर्षभराच्या गुणांपैकी निम्मे त्या एका तासावर. भिंगरीने धड्यातला तिसरा परिच्छेद पाठ होईस्तोवर वाचला. टाचणात, चोविसाव्या मिनिटापुढे, छोट्या बाईंनी लिहिलं होतं, 'प्रकट वाचन.' पुढे नाव नव्हतं. पण भिंगरीला ठाऊक होतं आणि तिलाही.

आता या पाठांची एक रीत आहे. कुठे लिहिलेली नाही, पण सगळ्या शाळांत असते. परीक्षक यायच्या आधी वर्ग लावून घ्यायचा. हुशार मुलं पुढे आणि कडेला, जिथे परीक्षकाची नजर पडते तिथे. आणि मागच्यांना तासापुरतं कुठेतरी पाठवून द्यायचं. झाडांना पाणी घालायला, ग्रंथालयात, कुठेही. फळ्याच्या कोपऱ्यात मात्र पट आणि हजेरी पूर्ण लिहायची. परीक्षक डोकी मोजत नाहीत.

सकाळी मोठ्या बाई म्हणाल्या, "पाचांना वर नकाशांच्या खोलीत पाठव."

"बाई, भिंगरी वाचते आता."

"माहितीये मला. ऐकलंय मी दारातून."

"मग?"

"अगं, ती तुझ्यापुढे वाचते. पाहुण्यापुढे अडखळली तर तुझे गुण जातील ते जातीलच, पण वर्ग हसेल. ज्याला हसतात ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही. तिला पुढच्या आठवड्यात वाचू दे. मी बसते ऐकायला. शब्द देते."

यात खोटं काही नव्हतं. बाईंना तसंच वाटत होतं. तिने मान हलवली.

पाचांना तीच वर घेऊन गेली. नकाशांची खोली जिन्याच्या टोकाला. गुंडाळलेले नकाशे, मोडकी बाकं, एक पृथ्वीचा गोल. भिंगरीने विचारलं, "माझं वाचन?"

"पुढच्या आठवड्यात. मोठ्या बाईसुद्धा ऐकणार आहेत."

"पण आज म्हणाला होतात."

"शहाणी ना तू? पस्तीस मिनिटं. आवाज करायचा नाही."

दार लोटून ती दोन पायऱ्या उतरली. मग तिला आठवलं, गेल्या वर्षी एका मुलीचा पाठ चालू असताना अशीच वर पाठवलेली मुलं खाली येऊन खिडकीत उभी राहिली होती आणि परीक्षकांनी विचारलं होतं, ही कुठल्या वर्गाची? ती परत वर गेली आणि बाहेरून कडी घातली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं काम नेहमीच चोख असायचं.

खाली येऊन तिने फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, 'पट ३८, हजर ३८.'

पाठ फार सुंदर झाला. मोठ्या बाई मागे बसून नुसत्या ऐकत होत्या. मुलं दीपगृहाच्या जिन्यावरून तिच्याबरोबर चढत होती. हसायचं तिथे हसली. एकाने विचारलं, राखणदाराला एकटं वाटत नसेल का. तर तिने उत्तर दिलं नाही, थांबली, आणि तीन मुलं आपापसांत बोलू लागली. चोविसाव्या मिनिटाला तिने पहिल्या बाकावरच्या मुलीला वाचायला उभं केलं.

तेवढ्यात बाहेर पत्रा वाजला. सायकली ठेवायच्या छपराचा. एकदाच, जोरात. मुलांच्या माना खिडकीकडे वळल्या.

"लक्ष इकडे," ती म्हणाली. आवाज उतरवून म्हणाली. सगळ्या माना परत आल्या. मुलगी पुढे वाचू लागली.

परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, 'वर्गनियंत्रण उत्कृष्ट. बाहेरील आवाजाने वर्गाचे लक्ष विचलित झाले नाही.'

नकाशांच्या खोलीच्या मागच्या खिडकीला गज नव्हते. खिडकीखाली ते पत्र्याचं छप्पर होतं. भिंगरीने आधी दार वाजवलं होतं. मग हाका मारल्या होत्या. मग बाकीच्या चौघांना म्हणाली, वाचनाची वेळ झाली असेल, मी जाऊन येते. छपरावर पाय ठेवून खाली उतरता येईल असा तिचा हिशोब होता. पत्रा निसटला. खाली सिमेंटचा कठडा होता. पाठ त्यावर आपटली.

शिपाईमामांनी तिला पाहिलं. ते आधी तिच्याकडे धावले, मग रिक्षा बोलवायला कुणाला तरी पिटाळलं, मग वर गेले. छोट्या बाई जिन्यात भेटल्या तेव्हा ते खाली येत होते.

"कडी उघडी होती," ते म्हणाले.

तिने त्यांच्या मागे, वर दाराकडे पाहिलं.

"मी पाहिलीय. उघडीच होती. कळलं का बाई?" आणि ते तिच्या बाजूने उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी जबाब लिहून घेतला. समोर मोठ्या बाई बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. सर सांगत गेले आणि तिने लिहिलं. 'सदर पाच विद्यार्थी शिक्षकांची परवानगी न घेता वर्गाबाहेर गेले.' पुढे, 'सदर विद्यार्थिनी स्वभावाने चंचल असून तिला यापूर्वीही समज देण्यात आली होती.'

"सर, फळ्यावर हजर अडतीस..."

"फळा पुसलाय," सर म्हणाले. वाईट बोलले नाहीत. थकल्यासारखे बोलले. "हे बघ, तुझं उभं आयुष्य पडलंय. बाईंचं नोकरीचं दीड वर्ष राहिलंय. त्या मुलीचं जे व्हायचं ते झालं. त्यात कुणाकुणाची भर घालायची?"

तिने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. तिने सही केली. चौघांना कुणी विचारलं नाही. मागच्यांना कोण विचारतं?

प्रथम श्रेणी मिळाल्याचं आठवड्याभरात कळलं. दादाने पेढे नाही, पेन आणलं. ती ते घेऊन खोलीत गेली आणि आतून दार लावून बसली. आईला वाटलं, आनंदाने रडतेय.

भिंगरीला दवाखान्यातून घरी सोडलं तेव्हापासून छोट्या बाई रोज तिकडे जाऊ लागल्या. एक खोली, एक पलंग, पलंगाशेजारी शिलाई मशीन. भिंगरीची आई उशांचे अभ्रे शिवायची. भिंगरीचं कमरेखालचं अंग हलत नव्हतं. वर्षाने आधाराने उभी राहील कदाचित, असं डॉक्टर म्हणाले होते. कदाचित हा शब्द त्यांनी दोनदा वापरला होता. आई छोट्या बाईंना मशीनवरून उठून पाणी द्यायची. "शाळेतलं दुसरं कुणी फिरकलं नाही बघा. तुम्ही तेवढ्या माणसात."

ती पाणी प्यायची.

एके दिवशी भिंगरीने पलंगावरूनच काहीतरी मागितलं, आईचा धागा तुटला, आणि आईचा तोल गेला. मशीनवरून उठून तिने पोरीच्या हातावर एक, गालावर एक अशा दोन ठेवून दिल्या. "कुणी सांगितलं होतं वर मरायला? सगळा वर्ग खाली बसतो, तुझ्याच पायाला काय भिंगरी लागली होती? शाळेनं लिहून दिलंय, न विचारता गेलीस म्हणून! बोल ना आता बाईंसमोर. का गेली होतीस?"

भिंगरीने छोट्या बाईंकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग आईकडे बघून म्हणाली, "अशीच गेले. मजा म्हणून."

छोट्या बाई स्टुलावर बसून होत्या. आई रडत परत मशीनवर बसली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी शाळेची छापील चिठ्ठी आली. गैरहजेरीचं कारण कळवलं नाही तर महिनाअखेर नाव पटावरून काढण्यात येईल. भिंगरी म्हणाली, "अर्ज मी लिहिणार. मला येतं." छातीवर फळी ठेवून, आडवं पडून, पेन्सिलीने तिने सुरुवात केली. दोन दिवस लागले. वेलांट्या छोट्या बाई दाखवत गेल्या. मग ती थांबली.

"कारण काय लिहू, बाई?"

मशीन चालू होतं.

भिंगरी आवाज बारीक करून म्हणाली, "मी तुमचं नाव नाही सांगणार. नाहीतर तुम्ही बाई होणार नाही ना." आणि मग कागद पुढे करत, नेहमीच्या आवाजात, "तुम्ही घरून लिहून आणा. कारण. मी बघून लिहिते."

कागद पिशवीत घालून ती तिथून निघाली ती सरळ शाळेत. शाळा सुटली होती. मोठ्या बाई स्टाफरूममध्ये वह्या तपासत होत्या.

"बाई, मी खरा जबाब देणार आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं नाही. "कशाचा?"

"पाठवल्याचा. आणि कडीचा."

"कडी?" आता पेन थांबलं. "कसली कडी?"

त्यांना माहीतच नव्हतं. तिने सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"पाठव मी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "विचारलं तर नाकारणार नाही. एकतीस वर्षांत असे शंभर पाठ बसवले असतील. कधी कुणाला खरचटलं नाही. पण कडी घाल असं मी म्हटलं नव्हतं."

"नाही, बाई."

"हेही लिहिशील ना?"

"लिहीन."

"सर ते फाडून टाकतील."

"मग विद्यालयात देते."

"दे." बाईंनी वही मिटली. "तू माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी होतीस." आणि दुसरी वही ओढली. बाईंनी मान वर केली नाही.

तिने दोन पानं लिहिली. मिनिटांसकट. दार किती वाजता लावलं, पत्रा किती वाजता वाजला, ती काय म्हणाली. एक प्रत शाळेत दिली, एक विद्यालयात.

पुढचं भराभर झालं. तिचा निकाल रद्द झाला. मोठ्या बाईंना सक्तीच्या रजेवर पाठवलं. निरोप समारंभ आता होणार नाही. शिपाईमामांची दुसऱ्या शाळेत बदली झाली. जाताना ते तिला एवढंच म्हणाले, "मी तुमच्यासाठी खोटं बोललो होतो, बाई." त्या शाळेवर आलेल्या विद्यालयातल्या सगळ्या मुलींचे पाठ पुन्हा घ्यायचे ठरले. त्यांच्यातल्या एकीने तिला रस्त्यात गाठून विचारलं, "स्वतःचं मन हलकं करायला आम्हीच सापडलो का गं?" परीक्षकांना काही झालं नाही. दादा आता दार उघडताना काही विचारत नाही. आई शेजारणीकडे जात नाही.

पण हे सगळं तिने आधीच जमेला धरलं होतं. एक मात्र धरलं नव्हतं. ती नेहमीप्रमाणे चार वाजता गेली, तेव्हा भिंगरीची आई दारात उभी होती. आदल्या दिवशी सर स्वतः येऊन तिला सगळं सांगून गेले होते.

"तीन आठवडे," आई म्हणाली. "तीन आठवडे माझ्या हातचं पाणी प्यायलीस."

"मी सांगणारच..."

"मी मारलं तिला. तुझ्यासमोर मारलं. तू बघत बसलीस."

टाचणात अशा प्रश्नाला मिनिटं नसतात.

आतून भिंगरीचा आवाज आला, "आई, बाई आल्या का? मी पेन्सिल काढून ठेवलीय."

"कुणी नाहीये," आई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

ती आणखी चार दिवस गेली. चारही दिवस मशीनचा आवाज यायचा, दार वाजवलं की थांबायचा, आणि ती वळली की पुन्हा सुरू व्हायचा. पाचव्या दिवशी ती गेली नाही. त्यानंतर ती कुठेच गेलेली नाही. मैत्रिणींपैकी कुणी भेटायला गेलं की उठून बसते, नीट बोलते, चहा विचारते.

अर्ज तिच्या टेबलावर आहे. रेघांच्या कागदावर, पेन्सिलीने, मोठी मोठी अक्षरं, उतरत गेलेल्या ओळी. तिने त्याखाली एक कोरा कागद ठेवला आहे आणि पेनचं टोपण काढून ठेवलं आहे. महिना संपायला सहा दिवस आहेत. कोऱ्या कागदावर अजून काही लिहिलेलं नाही. भिंगरीने लिहिलंय ते इतकंच :

'माननीय मुख्याध्यापक यांस. विषय, रजा मिळण्याबाबत. मी इयत्ता सहावीत शिकते. मला वाचता येते. मी शाळेत येऊ शकत नाही, कारण'